उंदराईच्या खोलीत हळदीले बंदी

पिंजऱ्याखालचा भुसा रोज बदलला तरी दुसऱ्या दिवशी तेवढाच घाण होऊन पडलेला राहते. किस्स्याईचं तसंच आहे. एक सांगून मोकळं व्हावं, त तवर दुसरे दोन होऊन बसतात. माही सून म्हणते, "मामाजी, तुमी घरी आले की उंदराशिवाय दुसरं बोलतच नाही." म्हटलं, त्याईच्यावानी गंमत तुमच्यात असती त तुमच्याबद्दल बोललो असतो!

मी किसन. चौथी शिकलो, तीही मास्तरानं ढकलून देल्ली म्हणून. जिंदगीभर वाशीमच्या कडेले भाजीपाला केला. वांगे, मेथी, सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. गुडघे गेले तवा वाडी पोराच्या हवाली केली न घरी बसलो. पण घरी बसलं की मले सगळ्याईचं चुकलेलंच दिसते, न दिसलं की मी बोलतो. पोरगा वैतागला. फार्मसी कॉलेजात त्याची ओळख होती. तिथं औषधाच्या संशोधनाची लॅब आहे, न लॅबच्या मांगं उंदराईची खोली. खोली झाडाची, दाणापाणी कराचं, दारावर बसाचं. पोरानं मले तिथं लावून देलं. म्हणे, "बाबा, आता काय बोलाचं ते याईले बोला."

उंदीर ऐकून घेतात. उलटून बोलत नाहीत. मले भलतं मानवलं!

*

लॅबमधले तीन माणसं ध्यानात ठेवा, बाकीच्याईशी आपल्याले काही कराचं नाही. एक इंगोले मॅडम, त्या मोठ्या. मूळच्या अनसिंगच्या, पण बाहेर शिकून आल्या, आता पुस्तकासारखं बोलतात. दुसरा गजू, मशिनीवाला. कामाले वाघ, पण जेवणाचं नाव काढलं की सगळं इसरते. तिसरी प्रतीक्षा, रिठदची पोरगी. पीएचडी करून राह्यली होती. सगळा खेळ तिचाच.

पहिल्याच दिवशी पाह्यलं, त पोरगी एकेका उंदराले सुई टोचून राह्यली. म्हटलं, "काय बिमारी आहे व याईले?"

"काही नाही काका, धडधाकट आहेत. या सुईनं त्याईले शुगर होईन."

"म्हणजे तू बिमारी लावून राह्यली?"

"हो."

"न मंग?"

"मंग औषध देईन."

म्हटलं, हे त माह्या घरच्यावानीच निघालं. आधी डोकं उठवाचं न मंग बाम आणून द्याचा!

मॅडमनं मले स्टुलावर बसवून समजावलं. "किसनराव, शुगर वाढली की किडनीच्या पेशींमध्ये एक प्रथिन पेटून उठतं. ते दुसऱ्याला उठवतं, दुसरं तिसऱ्याला, आणि शेवटी किडनीची गाळणीच खराब होते. आमचा अंदाज असा आहे की हळदीतला एक रेणू त्या पहिल्याच प्रथिनाला जाऊन चिकटतो आणि त्याला गप्प करतो."

म्हटलं, "म्हणजे भांडण लावणारी पहिली बाई जी राहते, तिचंच तोंड दाबून धराचं. बाकीच्या आपोआप घरी जातात."

"जवळपास," मॅडम म्हणे.

त प्रतीक्षाचं एवढंच होतं. त्या रेणूनं उंदराईच्या किडन्या वाचतात का नाही, हे दाखवाचं. काहीही निघो, पण पक्कं निघालं पाह्यजे. प्रयोग नीट पार पडला त डाक्टरकी, नाही त इतक्या वर्साची मेहनत भुशासंगं बाहेर. विद्यापीठानं एक डाव मुदत वाढवून देल्ली होती. आता दुसरी भेटत नव्हती.

*

पिंजरे तीन जातीचे. साधे उंदीर. शुगरवाले उंदीर. न शुगरवाले पण हळदीचं औषध भेटणारे उंदीर. मधल्याईले हळदीचा कणही लागू द्याचा नाही. त्याईलेही हळद गेली त फरक कशात दाखवान?

बोलाले सोपं आहे. पण हे वाशीम आहे बाप्पा! रिसोडकडं पाहा, वावरच्या वावर हळद. आमच्या इथं पोरगं पडलं, हळद लावा. खोकला आला, हळद पाजा. वरणात हळद, भाजीत हळद, देवाले हळद. इथं बिनहळदीचा जीव शोधाचा म्हणजे सोपं काम आहे काय?

एक दिवस प्रतीक्षानं आतून बोंब मारली, "काका! गजूदादा! मॅडम!"

धावत गेलो. मधल्या पिंजऱ्यातल्या एका पांढऱ्याफट उंदराच्या पाठीवर पिवळा अंगठा! कोर्टात कागदावर मारतात तसा, ठसठशीत!

मॅडमनं आमाले रांगेत उभं केलं. "अंगठे दाखवा."

गजूचा अंगठा पिवळा. त्यानं वरण-भात खाल्ला होता. माहाही पिवळा, मी बेसन-भाकर खाल्ली होती. प्रतीक्षाचाही पिवळा, डब्यात आलूची भाजी. चोर कोणाले म्हणावं?

गजू हळूच म्हणे, "मॅडम, तुमचा?"

मॅडमनं हात मांगं घेतला. पण पाह्यला आमी. कढी होती!

तो उंदीर बाजूले काढला, म्हणून काम वाचलं. पण त्याच दिवशी दारावर पाटी लागली. डब्यात, हातात, अंगावर हळद असणाऱ्यानं आत येऊ नये. न पाटीखाली खुर्ची टाकून मले बसवलं. हातमोजे घालून चालन का, असं गजूनं विचारलं. प्रतीक्षा म्हणे, "हातमोजे घाल नाही त पोतं घाल. पिवळा दिसला की बाहेर!"

*

मी घरी येऊन सुनेले सांगतलं, "उद्यापासून माह्या भाजीत हळद टाकाची नाही."

"काहून?"

"उंदराईले चालत नाही."

ती पोराकडं पाहे, पोरगा तिच्याकडं पाहे. दुसऱ्या दिवशी गाडीवर बसवून मले डॉक्टरकडं नेलं. म्हणे, "बाबा, उगं एकदा बी.पी. पाहून घेऊ." पोरगा खाली गाडी लावत राह्यला न मी एकटाच आत गेलो.

डॉक्टर नवा होता. डोळ्यात बॅटरी मारून विचारते, "बाबा, काय त्रास आहे?"

"मले काही त्रास नाही. घरच्याईले वाटते उंदरापाई माहं डोकं फिरलं."

"उंदीर दिसतात तुम्हाला?"

"दिसतात ना!"

"कधी?"

"रोज! पांढरे! शेपटीवर नंबर टाकलेले! माह्याकडं पाहून मिशा हालवतात!"

पोरगा वर येईपर्यंत डॉक्टरनं चिठ्ठीवर अकोल्याच्या मेंदूवाल्याचं नाव लिहून ठेवलं होतं!

*

प्रतीक्षा किडनीचे बारीक-बारीक काप काचेवर ठेवून दुर्बिणीतून पाहे. तासन् तास. म्हटलं, "काय दिसते व तुले त्याच्यात एवढं?"

"या काका, तुमीही पाहा. बिमार किडनी आहे."

मी डोळा लावला. पहिले काही दिसे ना. मंग दिसलं! काळं, केसाळ, वाकडं, न हालूनही राह्यलं!

म्हटलं, "सापडली! बिमारी सापडली! जित्ती आहे अजून! गजू, मॅडमले बलाव!"

गजू पळाला, मॅडम हातातला चहा ठेवून आल्या. डोळा लावून पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं.

"किसनराव," म्हणे, "ही तुमची पापणी होती."

तेव्हापासून गजू मले पाहून डोळे मिचकावते. एक दिवस बदडीन त्याले.

*

आता हसाचं नाही असा एक सांगतो. म्हणजे नंतर हसलो, पण त्या दिवशी नाही.

प्रयोग सरत आला होता. मधल्या पिंजऱ्यातल्या दोन शुगरवाल्या उंदराईची कायच्यावरून जुंपली कोणास ठाऊक, पण एकानं दुसऱ्याचा कान फाडला. रक्ताची धार! प्रतीक्षा न मी औषध आणाले पळालो. मॅडम आतच होत्या. त्याईनं तो उंदीर उचलला, कान चिमटीत दाबून धरला न दारातून ओरडल्या, "अरे गजू, पाहत काय राह्यला! हळद आण ना रे लवकर!"

अनसिंगची बोली, अस्सल! इतक्या वर्साची पुस्तकी भाषा कुठच्या कुठं गेली!

गजूनंही काही विचार केला नाही. लॅबमधी हळदीची काय कमी? औषध बनवाले पोत्यानं आणलेली. मूठभर आणली, मॅडमनं उंदराच्या कानाले दाबली, न झटकन् पिंजऱ्यात सोडला. त्याच्या पिंजऱ्यातले सगळे उंदीर गोळा झाले. एकानं कान चाटला, दुसऱ्यानं चाटला, मंग सगळ्याईनंच चाटला.

प्रतीक्षा मलम घेऊन आली. तिनं पिंजऱ्यात पाह्यलं. गजूच्या हाताकडं पाह्यलं. मंग मॅडमकडं.

मॅडमच्या तवा ध्यानात आलं. त्या मटकन् स्टुलावर बसल्या. डोक्याले हात लावाले गेल्या, त हात पिवळे, म्हणून तोही लावता येईना. म्हणे, "प्रतीक्षा, दारावरची पाटी मीच लिहिली होती ना गं?"

"हो मॅडम."

"मग मला बाहेर काढ."

पोरगी रडली नाही. मले वाटे, रडली त बरं होईन. तिनं गुपचूप तो पिंजरा रिकामा केला, भुसा बदलला, न दुसऱ्या दिवशी पयल्यापासून सुरुवात. नवे उंदीर, नव्या सुया. मुदतीत कसाबसा बसत होता, पण हा शेवटचाच डाव. आता एक चुकलं की पोरीचं सगळंच गेलं.

मॅडम त्यानंतर मलम खिशातच घेऊन फिरत.

*

पयल्यापासून सुरू केलं म्हणजे लग्नाची तारीख गेली. प्रतीक्षाचं लग्न शेलूबाजारच्या पोराशी ठरलं होतं. पोरगा जीप चालवे, शिकलेला, समजदार. तो काही म्हणत नव्हता. पण त्याची माय!

कमलबाई. विधवा बाई, एकटीनं कोंबड्या पाळून, अंडे विकून पोरगा शिकवला. माह्या सुनेले मी बोलतो ते काहीच नाही, अशी तिची जीभ. एक दिवस सरळ लॅबच्या दारात येऊन उभी!

"कुठं आहेत ते उंदीर? ज्याईच्या तारखेनं माह्या पोराचं लगन होऊन राह्यलं?"

म्हटलं, "बाई, हात दाखवा."

"हात कायले? तुमी ज्योतिषी आहे काय?"

"हळद आहे का पाहाचं आहे."

"माह्या हाताले कुठून येईन हळद?" म्हणे, न पोरीकडं वळली. "काय व, गुरुजीनं मुहूर्त काढला त तू म्हणते नाही जमत. पाहुण्याईले काय सांगू? नवरी उंदराईच्या बाळंतपणाले थांबली?"

प्रतीक्षानं तिले काचेतून पिंजरे दाखवले. शुगर कशी होते, किडनी कशी जाते, औषधानं काय होऊ शकते, सगळं सांगतलं. बाई काचेले नाक लावून पाहात राह्यली. मले वाटलं, आता पुढचा दणका येते. पण आवाज बदलला.

"माह्या मालकाच्या किडन्या शुगरनंच गेल्या," म्हणे. "तवा कुठं होते हे उंदीर?"

मंग तिनं पदरानं काच पुसली. म्हणे, "औषध कधी सरते?"

प्रतीक्षानं सांगतलं. दिवाळी झाल्यावर, अमक्या दिवशी शेवटचा डोस, दुसऱ्या दिवशी उंदराईचं रक्त काढाचं, ते मॅडम पाहतीन.

"मंग शेवटच्या डोसाच्या दिवशी हळद न दुसऱ्या दिवशी लगन. गुरुजीले मी पाहून घेतो. पण त्याच्या पुढं एक दिवस नाही!"

जाता जाता पिंजऱ्याकडं पाहून म्हणे, "हे त माह्या घरच्याईपेक्षा चांगलं खाऊन राह्यले!"

मी म्हटलं, "तुमच्या घरच्याईले सुया टोचत नाहीत ना!"

"माह्या तोंडापेक्षा सुई बरी म्हणतीन," म्हणे न गेली. मले बाई आवडली.

*

दिवाळीत दारावर मी नुसते हात पाहात नव्हतो, वासही घे. उटणं लावून आंघोळ केलेली असली की मानेजवळ वास येते. गजूले दोन डाव परत पाठवलं.

पाडव्याले प्रिन्सिपल साहेब फराळाचा डबा घेऊन आले. नवं जाकीट, न घरच्या पूजेचं कपाळभर हळद-कुंकू. सरळ आत चालले. मी काठी आडवी टाकली.

"किसनराव, मी आहे!"

"दिसून राह्यलं साहेब. कपाळ पुसा."

"अहो, मी या कॉलेजचा प्रिन्सिपल आहे!"

म्हटलं, "ते उंदराईले मालूम नाही."

साहेबानं कपाळ पुसलं. रुमाल पिवळा झाला. म्हटलं, आता रुमाल बाहेर ठेवा! शेवटी ते आत गेलेच नाहीत. फराळाचा डबा मात्र मी दारातच ठेवून घेतला. चिवड्यात हळद होती, म्हणून तो मी बाहेर बसून एकट्यानंच खाल्ला. न लगेच साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, तोंड धुतलं, चूळ भरली. कोणी मले बोट लावाले नको!

*

न आता हळदीच्या दिवसाचं.

वाशीमच्या बायपासले मंगल कार्यालय. दोन्हीकडची हळद एकाच मांडवात, आता तशीच पद्धत पडली. प्रतीक्षाच्या आजीले तिनं विचारून पाह्यलं होतं, "आजी, हळद एवढी नुसती बोट लावून नाही का चालत?" बुढी म्हणे, "बोट लावाले मी काय शाई लावून राह्यली! हयद लागन त नीट लागन!" त्यावर बोलणं सरलं.

म्हणून बेत असा केला. प्रतीक्षा पिवळी होईन, होऊ द्या. दुपारी चहाच्या टायमाले शेवटचा डोस मॅडम देतीन. पण ते एकट्यानं होत नाही. एकानं उंदीर मानेमांगून पक्का धराचा न दुसऱ्यानं तोंडातून बारीक नळी घालाची. उंदीर हालला न नळी भलतीकडं गेली, त उंदीर हातातच जाते. उंदीर धराले गजू. गजू बिघडलाच त मी. दोघांनीही मांडवात याचं नाही. मॅडम त लॅबच्या बाहेरच पडल्या नाहीत, न बाकीचे लॅबवाले सुट्टीवर.

मी लॅबच्या दारात बसलो होतो. पोरीची आजी स्वतः जीपमधी बसून बलवाले आली. "किसनभाऊ, पोरीनं तुमाले काका म्हटलं, न तुमी जेवाले नाही?" मी म्हटलं, जेवत नाही, पण पाच मिंटं उभा राहून येतो. जाऊन पाहतो, त गजू पंगतीत!

"गजू!"

"बुवा, मी कोपऱ्यातच बसलो ना. वांग्याची भाजी आहे!"

तेवढ्यात बायाईची नजर पडली. "हे पोरीच्या लॅबचे व!" झालं! पंधरा-वीस बाया. गजू पत्रावळीवरून उठेपर्यंत त्याचं डोकं, मान, शर्ट, सगळं पिवळं. मी काठी उगारली. म्हटलं, मले कोणी हात लावला त पाहा! मांगून थंडगार काहीतरी दोन्ही गालाले लागलं. वळून पाह्यलं त पोरीची आजी. माह्यापेक्षाही मोठी बुढी, तिले काय बोलता!

न तितक्यात प्रतीक्षाचा फोन वाजला. मॅडम. "गजू कुठे आहे? वेळ झाली."

पोरीनं गजूकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं. आमी दोघं पिवळेजर्द. तिचं तोंड जसं झालं, तसं कोणाच्याच पोरीचं पाहाले भेटू नये. पाटावरून उठली न डीजेच्या वरताण ओरडली, "कोरं माणूस पाह्यजे! अंगाले हळद न लागलेलं एक तरी माणूस!"

डीजे बंद झाला. सगळे एकमेकांकडं पाहाले लागले. नवरदेव पिवळा. पाहुणे पिवळे. फोटोवाला पिवळा, डीजेवालाही पिवळा. आचारी त कोपरापर्यंत. गुरुजीले त बायाईनं सगळ्याच्या आधी धरलं होतं. पोरगी एकेकाकडं जाये, हात पाहे न पुढं जाये. दोनशे माणसं, न एक कोरं नाही!

"मले नाही लागली."

मांडवाच्या कडेले, प्लास्टिकच्या खुर्चीवर कमलबाई बसली होती. सकाळपासून तिथंच. पोराची हळद तिथून पाहून राह्यली होती. मालक गेल्यापासून तिले कोणी हळद लावत नव्हतं, न आज पोराच्या हळदीतही कोणी लावली नव्हती.

बाया खाली पाहाले लागल्या. पोरीची आजीही.

"उभे काय राह्यले?" कमलबाई म्हणे. "मी रोज कोंबड्या धरतो. उंदीर त्याच्याहून काय मोठा? गाडी काढा!"

जीपमधी ती समोर बसली. मांगं आमी तिघं, प्रतीक्षा, गजू न मी. नवरदेव गाडी चालवाले निघाला त त्याले हाकललं, "तू उतर! पिवळा आहे!" बिनहळदीचा डायव्हर नव्हताच, मंग तोच ओढणीनं हात गुंडाळून बसला. रस्ताभर माय खिडकीले चिकटून ओरडे, "दूर सरक! माह्या अंगाले अंग लागू देऊ नको!"

लॅबमधी मॅडमनं तिचे हात धुवून घेतले, गाऊन घातला, हातमोजे घातले. आमी बाहेर काचेपाशी.

"मान पक्की धरा," मॅडम म्हणे. "पण जीव गुदमरू देऊ नका."

पयलाच उंदीर असा किचकिचला की गजूनं डोळे मिटले. कमलबाईनं नाही मिटले. ती त्याच्याशी बोलाले लागली. "गप रे! उघड तोंड! औषध घेतल्याशिवाय जेवण नाही! मालकावानी हट्ट कराचा नाही माह्याजवळ!"

उंदीर गप. नळी गेली, औषध गेलं. मंग दुसरा. मंग तिसरा. एक डाव एकानं हातमोज्याले दात लावला, त त्याले म्हणे, "चाव! चावून चावून किती चावशीन!" प्रतीक्षा टाचा उंच करून पिंजरे पाहे न नखं खाये, ओठाले हळद, दाताले हळद.

शेवटचा पिंजरा बंद झाला. मॅडमनं काचेतून आमाले अंगठा दाखवला.

कमलबाई बाहेर आली. गाऊन काढला, हातमोजे काढून नीट घडी घालून टोपलीत टाकले. मंग मॅडमले विचारलं, "सगळे झाले?"

"सगळे. एकही हुकला नाही."

"उद्या काही लागते उंदराईले माह्याकडून?"

"नाही. हा शेवटचा होता."

"मंग आता मले हळद लागली त त्याईले चालते?"

मॅडमनं हो म्हणून मान हालवली.

कमलबाई पायरी उतरून प्रतीक्षासमोर उभी राह्यली न तोंड पुढं केलं. "मंग लाव व."

प्रतीक्षानं आपल्या हाताकडं पाह्यलं. तिची हळद पार सुकून गेली होती. गजूच्या गालावर थापलेली अजून ओली होती. तिनं तीच दोन्ही तळव्याईनं निपटून घेतली.

गजूनं फोटो काढाले मोबाईल काढला. मी म्हटलं, "ठेव खिशात."